दुसऱ्याचे फोन आपल्या नंबरवर येतायत? या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन सकाळी साडेसहालाच वाजायचा आणि समोरून एकच प्रश्न, "तात्या, पेटी कधी पाठवताय?" माझा आंब्याशी काही संबंध नाही, माझं जामसंड्यात शिवणकाम आहे. सिमकार्ड मी पावसाळ्यात नवीन म्हणून घेतलेलं, पण तो नंबर आधी देवगडातल्याच एका बागायतदारांचा होता हे मला सीझन सुरू झाल्यावर या फोनांमुळे कळलं. बंद झालेला नंबर कंपनी किमान 90 दिवस कुणाला देत नाही, त्यानंतर तो दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो, आणि तेवढ्या दिवसांत आधीच्या माणसाचं गिऱ्हाईक, पाहुणे, बँक कुणीच तो नंबर पुसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "राँग नंबर" एवढंच बोलून फोन ठेवणं. समोरच्याला वाटतं आपलंच बोट चुकलं, तो नीट बघून परत तोच नंबर लावतो, आणि त्याच्या दृष्टीने नंबर बरोबरच असतो. लालबागच्या एक आजी होत्या, "तात्या हत मां घरात?" म्हणून विचारायच्या, मी राँग नंबर म्हणायचे, दोन मिनिटांत परत त्यांचाच फोन. सहाव्यांदा त्यांचा आवाज रडवेला झाला, त्यांना वाटत होतं घरात काहीतरी झालंय आणि आपल्यापासून लपवतायत. त्या दिवसापासून मी पूर्ण वाक्य बोलते, "आजी, नंबर बरोबर लागलाय, पण हा आता माझ्याकडे आहे, तात्यांकडे नाही, तुमच्या फोनातून काढून टाका." त्यानंतर तोच माणूस परत फोन करत नाही, फार क्वचित करतो. हेच वाक्य मेसेजमध्ये टाईप करून ठेवा, कामात असलात तर कॉल कट करून तेवढं पाठवता येतं.

अनोळखी नंबर सरसकट सायलेंट करू नका असं मी सांगेन, कारण गॅसवाला, कुरिअरवाला, हॉस्पिटलातून येणारा फोन, माझ्यासारखीची नवीन गिऱ्हाइकं, हे सगळे अनोळखीच असतात. आणि एकेक नंबर ब्लॉक करत बसलात तरी उद्या तिसराच कोणीतरी लावतो.

त्यापेक्षा नंबर लोकांना मिळतोय कुठून ते शोधा. मी प्रत्येकाला विचारायला लागले, "तुम्हाला हा नंबर कुठून मिळाला?" दहातले सात-आठ जण म्हणाले, पेटीवर लिहिलाय. मग एकदा बाजारात पुठ्ठ्याची पेटी बघायलाच मिळाली, बाजूला लाल शाईत बागेचं नाव आणि खाली माझा नंबर! लोक त्या पेट्या टाकत नाहीत, माळ्यावर कपडे, भांडी भरून ठेवतात, म्हणून दोन-तीन वर्षांनीसुद्धा नंबर वाचून फोन येतो. तुमच्या बाबतीत ते होमस्टेचं बोर्ड असेल, होडीवाल्याचं कार्ड असेल, लग्नपत्रिका असेल, कॉलर आयडीच्या अ‍ॅपमध्ये पडलेलं जुनं नाव असेल (ते नाव अ‍ॅपमध्ये जाऊन बदलता येतं).

पेटीवरून पत्ता काढत मी तात्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं की तात्या वारले आणि सिम रिचार्जशिवाय पडून राहिलं. घरच्या काकींनी नवीन नंबर दिला आणि म्हणाल्या, "माझो नंबर दी, पण गिरायकांकाच, बाकी कोणाक नको." हे लक्षात ठेवा, आधीच्या माणसाचा नवीन नंबर हाती लागला म्हणून वाटेल त्याला देऊ नका, आधी विचारा.

"बाकी कोणाक नको" असं त्या का म्हणाल्या ते मला नंतर कळलं. एका कर्ज देणाऱ्या कंपनीचे वसुलीवाले फोन करायचे. इथे माझ्याकडून चूक झाली, पहिल्यांदा सहज बोलले की ओळखते त्यांना, निरोप देते. झालं, मी त्यांच्यासाठी निरोप देणारी बाई झाले आणि रोज फोन सुरू. त्यांना निरोपाचं कबूल करू नका, आणि "तुमचा नंबर आहे हे सिद्ध करा" म्हणाले तर आधारचा फोटो तर मुळीच पाठवू नका. फोनवर भांडण्यापेक्षा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, नंबर तुमच्या नावावर कधी चालू झाला ती तारीख लिहा, कॉलची वेळ लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत, आणि जानेवारी 2025 मध्ये बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी बघून आपल्या नोंदी साफ करा असंही बँकांना सांगितलंय, हे दोन्ही ईमेलमध्ये लिहाच. उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 वर विचारा. शिवीगाळ, धमकी असेल तर सरळ पोलीस ठाणं.

तक्रारीआधी सिम खरंच तुमच्या नावावर आहे ना ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघून घ्या, इथे पुष्कळ जणांचं कार्ड भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतं.

ओटीपीच्या बाबतीत दया दाखवू नका. "मी तात्यांचा मुलगा, तुमच्याकडे ओटीपी आलाय तेवढा सांगा" असा फोन आला तर माणूस खरा असला तरी सांगायचा नाही, त्याने बँकेत किंवा आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यायचा. कोणी *401* लावून पुढे एखादा नंबर डायल करायला सांगितलं तर तेही करू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

1909 वर डीएनडी करून घ्या, पण त्याने जाहिरातीचे फोन कमी होतात, तात्यांना शोधणारी माणसं थांबत नाहीत.

आणि चाकरमान्यांनो, गावच्या घरी ठेवलेलं दुसरं सिम ड्रॉवरात विसरू नका. ते बंद होऊ देणार असाल तर आधी बँक, आधार, गॅस, सगळीकडचा नंबर बदला, नाहीतर तुमचे फोन दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

काकींकडे जुन्या छापाच्या बऱ्याच पेट्या शिल्लक होत्या. फेब्रुवारीत दोन दुपारी बसून आम्ही दोघींनी प्रत्येक पेटीवरच्या लाल नंबरावर नवीन नंबराचं स्टिकर चिकटवलं. यंदा अख्ख्या एप्रिलात मला चार फोन आले, चौघांच्याही माळ्यावर जुनी पेटी होती.