पौलाची पत्रं वाचताना या चुका टाळा (ती हजार वेश्यांची गोष्ट तर आधी!)

पौल म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित, बायबलच्या नव्या करारात त्याची पत्रं आहेत. त्यातलं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं की कोणीतरी सांगतंच, "करिंथला अफ्रोदिती या प्रेमदेवतेच्या देवळात हजार वेश्या होत्या, म्हणून पौल बायकांना डोकं झाका म्हणतो." वैताग आलाय ऐकून. आमच्या अभ्यासगटात एका उत्साही भावाने यावर स्लाइड्स करून आणल्या, नकाशा, देवळाचा फोटो, सगळं. मी एवढंच विचारलं, हे कुठल्या सालचं? गप्प. अहो, ती गोष्ट स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराची, आणि तोही जुन्या करिंथबद्दल बोलतोय. ते शहर रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलं, इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत बसवली, राहायला आले त्यात बरेचसे मुक्त झालेले गुलाम, आणि पौल पोचला इ.स. 50 च्या आसपास. भाऊ म्हणाले, "पण यूट्यूबवर तर..." बरं.

गंमत म्हणजे त्याच 11व्या अध्यायात पौल पुरुषांच्याही डोक्याबद्दल बोलतो, ते सगळे उडी मारून पुढे जातात. रोमन पुरुष देवाला बळी देताना टोगा (अंगावर गुंडाळायचं मोठं वस्त्र) डोक्यावरून घ्यायचे, करिंथमध्येच सापडलेला सम्राट ऑगस्टसचा पुतळा तसाच आहे. पौलाच्या डोळ्यासमोर नेमकं हेच होतं का यावर वाद घाला की, पण निदान वाद त्याच काळातला घाला! मी तर पेन्सिलीने समासात गाव आणि साल लिहिल्याशिवाय कुठलीच "पार्श्वभूमी" आत घेत नाही.

त्याच अध्यायात पुढे प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी एकत्र घ्यायची त्या जेवणाचं भांडण येतं: कोणी भरपेट, कोणी उपाशी. ते म्हणजे नुसता हावरटपणा, हेही नको. रोमन मेजवानीत पाहुण्याच्या पायरीप्रमाणे जेवण बदलायचं, धाकटा प्लिनी हा रोमन लेखक स्वतः श्रीमंत असून यावर वैतागून पत्र लिहितो. उपाशी राहणारे कोण असतील ते मग कळतं.

फिलेमोनचं पत्र (पौलाने एका गुलामाबद्दल त्याच्या मालकाला लिहिलेलं) वाचताना "तिकडची गुलामी सौम्य होती" म्हणू नका. कातडीच्या रंगावर नव्हती हे खरं, पण गुलामाचं शरीर मालकाचंच.

पौल एकटाच खोलीत बसून लिहितोय असं चित्र पण सोडा, रोमकरांसचं पत्र पौलाने सांगितलं आणि तर्तियुस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलं.

आणि सुरुवातीचे नमस्कार, आभार वगळून "मुद्द्याचं" वाचणारे घाईवाले, त्यांना काय सांगायचं! त्या काळच्या पत्रांचा ठरलेला साचा असायचा, पौल तो कुठे मोडतो तिथेच मजा. गलतीकरांसच्या पत्रात आभार शोधून बघा, अभिवादन झालं की थेट झापायलाच सुरुवात.