डोंगरउतारावर बाग लावताय? या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "गावात जेसीबी आलाय, उद्या परत जाणार. उतार सपाट करून घेऊ ना?" विचारणाऱ्याचं ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी नको म्हणतो, आणि तो तरीही करतो.

कोकणात वर्षाला साधारण 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत जांभ्यावरची तांबडी माती कित्येक ठिकाणी हातभरसुद्धा नाही, त्याखाली कातळ. तिच्यातही कस असतो तो वरच्या वीतभर थरात, कारण पाला तिथेच कुजतो. जेसीबी वरची बाजू खणून खालच्या बाजूला लोटतो तेव्हा हा वीतभर थर भरावाच्या तळाला गाडला जातो आणि मुरूम वर येतो. मग दोन वर्षांनी लोक विचारतात, काजू पिवळा का पडतो?

संगमेश्वराकडच्या एका वाडीत निवृत्त होऊन गावी आलेल्या एका गृहस्थांनी असाच उतार घेतला. मे महिन्यात पायऱ्या पाडल्या, कडा मोकळ्या मातीच्या. पाणी पटकन निघून जावं म्हणून वरपासून खालपर्यंत सरळ एक चर मारला. मला विचारलं असतं तर तो चर मी आडवा झोपून अडवला असता. पुनर्वसू लागलं, तरणा पाऊस धरला आणि त्या चराची घळ झाली. पायऱ्यांच्या कडा ढासळत घळीत आल्या आणि सगळा मुरूम खालच्या शेजाऱ्याच्या भाताच्या खाचरात उतरला. तिथे नुकतीच लावणी झाली होती. मी गेलो तेव्हा मुरुमातून रोपांचे फक्त शेंडे दिसत होते. शेजारचे आबा, ज्यांचं ते खाचर, मेरेवर म्हणजे बांधावर उभे होते. म्हणाले, "ह्यो आता काढायचा कोणी?" बागवाले म्हणाले, "यंदा पाऊसच जास्त झाला." पाऊस कोकणात पडतो तेवढाच पडला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घळीत ठरावीक अंतरावर रचीव दगडांचे आडवे बांध घातले, कडांवर वाळा (खोल मुळांचं गवत) लावला, आणि कलमांना सपाटीऐवजी अर्धचंद्र आळी केली, उताराच्या बाजूला भर घालून. घळ भरत आली. खाचरातला मुरूम मात्र आबांनी पाट्यांनी उपसला.

म्हणून नव्या माणसाला माझं एकच सांगणं असतं: जमीन घेतल्यावर पहिला पावसाळा काहीही खणू नका. छत्री घ्या, भर पावसात उतारावर फिरा. लाल पाणी जिथून वाहतंय तिथे खुंटी ठोका, स्वच्छ पाणी निघतंय तिथे वेगळी खुंटी. दसऱ्यानंतर त्या खुंट्या बघितल्या की चर कुठे हवेत हे कोणाला विचारावं लागत नाही. एक वर्ष वाया जातं, अशी तक्रार असते. आंब्याचं कलम पुढची पन्नास वर्षं उभं राहणार आहे, त्यातलं एक वर्ष थांबायला काय हरकत आहे?

चर मारायचे ते समपातळीतच, म्हणजे उताराला आडवे, पाणी त्यात थांबून मुरेल असे. नजरेने समपातळी साधते असं म्हणणारे खूप भेटले, साधलेला एकही नाही. बांबूच्या दोन सारख्या काठ्यांची घोडी करा, मध्ये आडवी पट्टी आणि वरून ओळंबा, किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. चरातली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच सरीत ती परत चरात येते. हे सांगावं लागू नये, पण दरवर्षी सांगावं लागतं.

एक अपवाद. विहीर खणताना जांभ्याखाली शेडी म्हणजे पांढरट-पिवळी चिकट माती लागते अशा तीव्र उतारावर पाणी मुरवायच्या नादाला लागू नका. ती भिजली की वरचा थर सरकतो. तिथे पाणी हळूहळू बाजूच्या वहाळाकडे (ओढ्याकडे) काढून द्यायचं.

दुसरा माझा राग साफसफाईवर. पावसाआधी बाग "स्वच्छ" करायची म्हणून तणनाशक मारतात, पातेरा (गळलेला पाला) गोळा करून पेटवतात, आणि अंगणासारखी बोडकी जमीन मृगाच्या हवाली करतात. थेंबांचा मारा थेट मातीवर बसतो, वरची माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वाहतं. गवत हे मातीचं इरलं आहे. मी ग्रासकटरने चार बोटं ठेवून कापतो, मुळं जागेवर राहतात. पातेरा आळ्यात पसरतो, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजते आणि वाळवी चढते. वणव्याची भीती खरी आहे, त्यासाठी हद्दीवर जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढा. सगळी बाग जाळणं हा उपाय नव्हे.

गडग्याला, म्हणजे रचीव दगडांच्या भिंतीला, सिमेंटचा दर्जा भरू नका, म्हणजे दगडांमधल्या फटी बुजवू नका. रचीव गडग्यातून पाणी झिरपतं; दर्जा भरलेल्या भिंतीमागे ते साठतं, भिंत पोट काढते आणि ऐन श्रावणात कोसळते. भरायचाच असेल तर पाणी निघायला भोकं ठेवा.

कलम लावताना सांधा मातीच्या वर. खड्डा भरताना माती थोडी उंच, पाऊस पडला की ती बसते.

भाताची लावणी झाल्यावर लोक युरिया मुठीने फेकतात आणि रात्री पाऊस आला की तो वहाळात जातो. त्यापेक्षा चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये एक युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, चिखलात खोचा. कंटाळवाणं काम आहे, करा.

भात कापल्यावर वाल, कुळीथ, चवळी घ्यायची असेल तर लग्नसराई बघत बसू नका. खाचरातली ओल कोणासाठी थांबत नाही. कापणी झाली की हलकी नांगरट करून लगेच पेरा. खोल नांगरून जमीन उन्हात उघडी टाकली की उरलीसुरली ओलही गेली.

परसात कुंड्या लावणाऱ्यांनी नुसती लाल माती भरू नये, दोन महिन्यांत तिचा चिरा होतो. निम्मं कुजलेलं शेणखत आणि पातेरा घाला.

माती परीक्षणाचा नमुना झाडाखालून, गोठ्याजवळून किंवा बांधावरून घेऊ नका. उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी, शेतात पाच-सात ठिकाणी वीतभर खोल खड्डे करा, कडेची माती काढून एकत्र मिसळा आणि सावलीत सुकवून द्या. आपली माती आंबट आहे, चुना लागेल की नाही हे त्या अहवालातून कळतं. दुकानदाराला विचारलं तर तो गोणी उचलूनच देईल.