इंग्लंडमध्ये ए लेव्हलला (म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीला) इंग्लिश लँग्वेज घेतलंय? मग अभ्यास असा करा

पहिलं म्हणजे हे इंग्लिश लिटरेचर नव्हे, बऱ्याच आईबाबांचा इथेच घोळ होतो. नाटकं-कादंबऱ्या नाहीत, माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात-लिहितात ते तपासायचं. मी एक्यूए बोर्डाचं सांगतोय, दुसरं बोर्ड असेल तर पॅटर्न टीचरला विचारून घ्या. दोन पेपर, अडीच-अडीच तासांचे, 40-40 टक्के, उरलेले 20 कोर्सवर्कला.

पोरं गंडतात ती थिअरीत. लबॉव, ट्रडगिल, टॅनन अशा भाषाशास्त्रज्ञांची नावं न् सालं घोकायची आणि एसेत ओतायची, याने मार्क येत नाहीत हो. आधी समोरचा उतारा बघा, तिथे मोडल व्हर्ब (can, must, might यांसारखं) आहे का, सर्वनामं कुठली वापरलीत, त्याने काय साधलं ते लिहा, मगच थिअरी आणा आणि जमलं तर तिच्याशी भांडा. आता भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफबाईंनी 1975 मध्ये बायकांच्या बोलण्याची जी लक्षणं सांगितली त्यावर ओबार आणि ॲटकिन्स या संशोधकांनी कोर्टातल्या साक्षी तपासल्या आणि 1980 मध्ये मांडलं की हा प्रश्न बाई-पुरुषापेक्षा कुणाच्या हातात किती पॉवर आहे याचा आहे. अशी एक जोडी नीट समजली तरी दहा नावांपेक्षा भारी.

लहान मुलांच्या भाषेवरचा 30 मार्कांचा एसे मला सगळ्यात मजेशीर वाटतो. जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव वग, मग दोन दाखवले तर बरीच मुलं म्हणाली वग्झ! हा शब्द आधी कधी ऐकलेलाच नाही, म्हणजे नुसती नक्कल नाही, नियम डोक्यात तयार झालाय. घरात तीनेक वर्षांचं पिल्लू असेल तर ते 'फीट'ला 'फूट्स' म्हणतं का ऐका आणि वहीत टिपून ठेवा.

कोर्सवर्कमध्ये 2000 शब्दांचं इन्व्हेस्टिगेशन असतं, शिवाय 750 शब्दांचं स्वतःचं लेखन आणि तेवढीच कॉमेंटरी. विषय घरातच सापडतो, बाबा शेजारच्या अंकलशी कसं इंग्लिश बोलतात आणि तुमच्याशी कसं, यावर गाइल्सची अकोमोडेशन थिअरी (समोरचा माणूस बघून आपण बोलणं बदलतो, ही) छान बसते. फक्त दोघांची परवानगी घ्या, नावं बदला, आणि रेकॉर्डिंग पाच मिनिटांचंच ठेवा कारण पॉझ-बिझ मोजत ते उतरवून काढताना जीव जातो.