डेंड्रोबियमची उघडी दांडी कापू नका

डेंड्रोबियम या ऑर्किडची पानं गळून दांडी बोडकी दिसायला लागली की बरेच जण कात्री घेऊन बसतात. कृपया थांबा! ती दांडी म्हणजे रोपाची अन्नपाण्याची कोठी आहे. बोटांनी दाबून बघा. टणक लागली तर जिवंत आहे, मग थोडी सुरकुतलेली असली तरी चालेल. पोकळ, तपकिरी झालेली तेवढीच काढा.

आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाटुलम बघा. पावसाळ्यात पानं, मग पानगळ, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच उघड्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस. (ते झाडावरच बघावं, ओरबाडून घरी आणू नये.)

हिमालयातल्या डेंड्रोबियम नोबिलेलाही हिवाळ्यात विश्रांती लागते. तेव्हा खत बंद, पाणी अगदी जेमतेम. त्या दिवसांत लाड केलेत तर पेरांवर कळ्यांऐवजी मुळं असलेली छोटी पिल्लं फुटतात. नर्सरीत सर्रास मिळणारे जांभळे-पांढरे संकर मात्र बहुतेक ऑस्ट्रेलियाकडच्या डेंड्रोबियम बिगिबम या जातीच्या वंशातले. त्यांना ऊब हवी, थंडी सोसत नाही, त्यांचं पाणी पूर्ण तोडू नका. म्हणून रोप घेतानाच जात विचारून घ्या.

पाण्याची वेळ मुळंच सांगतात: चंदेरी दिसली की द्यायचं, हिरवी असतील तर उद्या बघायचं. कुंडीत माती अजिबात नको, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात.