आधी व्हॅक्यूम गेज, मग कार्बोरेटर

डेट्रॉइट परिसरात नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना जुन्या व्ही-८ गाड्यांचं वेड लागतं. ऑगस्टमधली वुडवर्ड अव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, एकदा पाहिली की संपलं! मग कुणी शेव्हेल घेतं, कुणी नोव्हा, आणि पहिला प्रश्न येतो: कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) कुठला टाकू? त्याच्या हवेच्या नळ्या म्हणजे बॅरल: नेहमी चालतात त्या प्रायमरी, जास्त जोर लागला की उघडतात त्या सेकंडरी.

हवेचा हिशेब सोपा आहे. इंजिनाचे क्यूबिक इंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. ३५० चं इंजिन ५५०० पर्यंत फिरवलंत तर ५५७ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) येतात. रस्त्यावरच्या इंजिनाचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के धरा, उरले ४७३. म्हणजे ६०० चा कार्बोरेटर पुरून उरतो. तरी लोक ७५० चा 'डबल पंपर' (मेकॅनिकल सेकंडरीवाला) उचलतात आणि दाखला देतात १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ चा: ३०२ च्या इंजिनावर होली कंपनीचा ७८० चा कार्बोरेटर! होता ना. पण ते इंजिन चढ्या आरपीएमसाठीच बांधलेलं, गिअर हाताने टाकायचे, आणि त्या होलीच्या सेकंडरी व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर, उघडायच्या. हे शेवटचं कुणी सांगत नाही. व्हॅक्यूम सेकंडरी इंजिनाला हवा लागेल तेवढीच उघडते, म्हणून तिथे मोठा आकडा खपून जातो. मेकॅनिकल सेकंडरी मात्र तुमच्या पायाचं ऐकते. जड गाडी आणि ऑटोमॅटिक गिअर असेल तर व्हॅक्यूम सेकंडरीच घ्या. याबाबतीत मी हट्टी आहे, वाद घालू नका.

टू-बॅरलचा सीएफएम ३ इंच व्हॅक्यूमवर मोजतात, फोर-बॅरलचा १.५ इंचावर. त्यामुळे ५०० चा टू-बॅरल फोर-बॅरलच्या मापात जेमतेम ३५४ भरतो. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता मी जिथे अडकलो ते. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेला. पार्कमध्ये आयडलिंग (पाय न देता इंजिन चालणं) छान, व्हॅक्यूमही बरा. ड्राइव्हमध्ये टाकली की ऑटोमॅटिक गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरचा भार येऊन आरपीएम आणि व्हॅक्यूम दोन्ही कोसळायचे, गाडी बंद पडायची. मग काय, आयडलचा स्क्रू आत फिरव. गाडी चालू राहिली, पण सिग्नल सुटल्यावर पाय दिला की आचका देऊन गुदमरायची. 'जेट बदल,' असं प्रत्येकाने सांगितलं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र. आयडलिंगमध्ये मेन जेटचा जवळपास काही संबंध नसतो! झालं होतं असं: थ्रॉटलच्या, म्हणजे पाय दिला की उघडणाऱ्या, पाकळीच्या कडेला भिंतीत एक उभी फट असते, ट्रान्सफर स्लॉट. आयडलिंगला तिचा पाकळीखाली एवढासा चौकोनी तुकडा दिसायला हवा. स्क्रू आत घातला की पाकळी वर सरकते, फट लांब उघडी पडते आणि इंजिन तिच्यातूनच पेट्रोल ओढायला लागतं. आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारे मिक्स्चरचे स्क्रू फिरवले तरी फरक पडत नाही, ही त्याची खूण. आणि मेन सर्किट (मेन जेटचा मार्ग) सुरू होईपर्यंतची वेळ ज्या फटीने निभावून न्यायची, ती आधीच खर्ची पडलेली असते. म्हणून आचका.

कार्बोरेटर काढा, उलटा करा, फट बघा. लांब दिसली तर स्क्रू मागे घ्या. आधी इग्निशनचं इनिशियल टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) वाढवून पाहा. मग सेकंडरीचा स्टॉप स्क्रू किंचित उघडा, म्हणजे कमी पडणारी हवा मागून येईल.

म्हणूनच खरेदीआधी गेज लावा आणि व्हॅक्यूम ड्राइव्हमध्ये मोजा. चाकांना ठोकळे लावा, ब्रेकवर भरवशाचा माणूस बसवा, गाडीच्या समोर उभे राहू नका. आकडा खूपच खाली आला तर चारही कोपऱ्यांत मिक्स्चर स्क्रू असलेला कार्बोरेटर शोधा, आणि होली असेल तर पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल देणारा) या आकड्याच्या साधारण निम्म्याचा. गुरूही असाच निवडा. नुसता आवाज ऐकून 'रिच चाललीये' (पेट्रोल जास्त जातंय) म्हणणाऱ्या काकांकडे मी आता फक्त कॉफी पितो.

कंपन्यांबद्दल फार घाबरू नका. एडलब्रॉकच्या ६०० मध्ये मीटरिंग रॉड (जेटमधलं पेट्रोल आवरणाऱ्या काड्या) वरूनच बदलता येतात, पेट्रोलचं भांडं उघडावं लागत नाही. नवख्याला तो सोयीचा. फक्त इंधनाचा दाब ६ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. गाडीवर मूळचा रोचेस्टर क्वाड्राजेट शाबूत असेल तर फेकू नका. १९६५ पासूनचं हे डिझाइन, लोक नावं ठेवतात, पण त्याच्या बारीक प्रायमरी रोजच्या रस्त्यावर फार गोड चालतात. त्याच्या मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरखालच्या हवेच्या नळ्यांवर) होली-एडलब्रॉक थेट नीट बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. बॉनेटखाली उंची पुरते का ते आधी मोजा.

आणि मागे ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर नव्या कार्बोरेटरवर टीव्ही केबलचा (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या तारेचा) कोन तंतोतंत जुळवल्याशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेऊ नका. त्या केबलवरच आतला दाब ठरतो. चुकली तर क्लच जळतात, आणि ते बिल कार्बोरेटरच्या कितीतरी पट येतं.