कसबा पेठ पायी पाहताना

आपलीच पेठ पायी पाहायची असेल, तर सकाळी सातच्या सुमारास, दुकाने उघडण्यापूर्वी निघावे. कारण फलक आणि गर्दी यांच्याआड दडलेले लाकडी खांब, कोरीव तुळ्या आणि वाड्यांचे दिंडीदरवाजे तेव्हाच नीट दिसतात. पुण्याच्या कसबा पेठेत आरंभ कसबा गणपतीपासून करावा.

तांबट आळीत मात्र दहानंतर पुन्हा जावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके देऊन मठार, म्हणजे ठोक्यांच्या खुणांची नक्षी, काढण्याचे काम येथे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. कारागिराला विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि जमल्यास एखादे भांडे त्याच्याकडूनच विकत घ्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे शनिवारवाड्याकडे वळावे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला, त्यामुळे आत मुख्यतः दगडी जोतीच उरली आहेत. पेठेतल्या उभ्या वाड्यांची जोती आधी पाहिली असतील, तर येथील दालनांची मांडणी मनात उभी करणे सोपे जाते. घरी आल्यावर आळ्यांची नावे कागदावर नकाशा काढून त्यात लिहावीत, कारण तांबट आळी, कुंभारवाडा ही नावे म्हणजे तिथल्या व्यवसायांची नोंदच आहे.