ईटिंग डिसऑर्डर रोखण्यासाठी चॅटबॉट लावताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनला मे २०२३ च्या शेवटी आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट तडकाफडकी बंद करावा लागला. ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी आणि शरीराबद्दलच्या धास्तीशी जोडलेले मानसिक आजार, टाळायला मदत करणारा हा बॉट लोकांना सांगत होता, की रोज ५०० ते १००० कॅलरी कमी खा, आठवड्याला एक-दोन पौंड उतरवा. जिमच्या भिंतीवर हा सल्ला कोणाला खटकलाही नसता. खाण्याचीच धास्ती घेतलेल्या मुलीच्या हाती मात्र तो आजाराचं वेळापत्रकच ठेवतो. शाळेत किंवा संस्थेत असा बॉट लावणार असाल, तर पुढचं आधी तपासा.

तपासलेल्या मजकुरात एआयची भर

टेसाची उत्तरं मुळात संशोधकांनी लिहून ठेवलेली होती. चालवणाऱ्या कंपनीने पुढे त्यात जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतःच नवी वाक्यं रचणारं एआय, जोडलं आणि कोणी न तपासलेली वाक्यं बाहेर पडू लागली. म्हणून करारातच लिहून घ्या: आम्हाला विचारल्याशिवाय काहीही अपडेट करायचं नाही. वजन, कॅलरी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा), उपाशी राहायचे तास यांचा एकही आकडा बॉटने देता कामा नये. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला आधी दिलेल्या मजकुरात, तशी सूचना लिहिणं पुरत नाही, गप्पा लांबल्या की ती सुटते. उत्तर पडद्यावर येण्याआधी वेगळी चाळणी लावा, आणि प्रत्येक अपडेटनंतर तेच चाचणीचे प्रश्न पुन्हा टाकून बघा.

काहीही लिहिलं तरी शाबासकी

ही चूक जुन्या, ठरीव उत्तरांच्या बॉटमध्येही होते. टेसाच्या चाचण्यांत कोणी लिहिलं, की मला माझं दिसणं आवडत नाही, घरच्यांना मी नकोशी आहे. त्यावर बॉटचं उत्तर होतं, स्वतःचे गुण असेच ओळखत राहा! कारण साधं आहे. प्रश्न ‘तुझे गुण सांग’ असा होता आणि पुढे काहीही आलं तरी कौतुकच करायचं, असं ठरलेलं होतं. खुल्या प्रश्नानंतर कौतुकाचं वाक्य ठेवूच नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं पुरे, आणि उत्तरातला सूर नकारी असेल तर संवाद वेगळ्या वाटेने न्या.

पुस्तकी शब्दांची यादी

मराठीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. बॉटने धोका ओळखावा म्हणून दिलेल्या शब्दांच्या यादीत ‘उलटी’ असते. मुलं लिहितात ‘ओकले’, ‘बोटं घातली’, ‘सगळं काढून टाकलं’. त्यातही निम्मं रोमन लिपीत, प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. मुलग्यांची भाषा तर आणखी निराळी: कटिंग (चरबी उतरवणं), ॲब्स (पोटाचे स्नायू), पाणी तोडणं (पाणी पिणं कमी करणं). यादी समुपदेशक आणि मुलं मिळून करू द्या.

उपासाचं काय करायचं, हा खास आपल्याकडचा प्रश्न. प्रत्येक चतुर्थीला धोक्याची घंटा वाजली तर लवकरच बॉटवर कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट ‘उपास आहे’ म्हटल्यावर बॉट निश्चिंत झाला, तर जेवण टाळायची ती सगळ्यात सोपी सबब. दोन प्रश्न विचारू द्या: घरात आणखी कोणाचा उपास आहे? कधी सोडणार? वार बदलत राहिले, उपास सोडायची वेळ पुढे पुढे जाऊ लागली, की माणसाकडे सोपवा.

‘डॉक्टरांना भेट’ म्हणून हात झटकणं

भोवळ, बेशुद्धी, छातीत धडधड, वारंवार उलट्या, उलटीत रक्त, तीन महिने पाळी न येणं, स्वस्थ बसलेलं असताना नाडी ५० च्या खाली, मरणाचे विचार: यातलं काहीही आलं की बॉटचा ठरलेला संवाद तिथेच थांबला पाहिजे. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही. वजनावरून गांभीर्य ठरवू नका. अंगाने भरलेलं मूलही गंभीर आजारी असू शकतं. पडद्यावर एका टॅपवर लागेल अशी टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, ठेवा. ती सेवा चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलते. इशारा नेमक्या कोणत्या समुपदेशकाच्या फोनवर जाणार, सुट्टीत कोणाकडे, हे लेखी हवं. रात्री कोणी वाचत नसेल तर बॉटने ते स्पष्ट सांगावं.

मोठ्यांवरचा पुरावा, मुलांवर वापर

टेसाचे चांगले निष्कर्ष आले ते १८ ते ३० वयाच्या सुमारे ७०० स्त्रियांवरच्या चाचणीतून. आठवीच्या वर्गाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि मुलग्यांना तर त्याहून कमी. शिवाय आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. पालकांना काय कळेल आणि काय नाही, हे पहिल्याच पडद्यावर मुलांना सांगा. मागाहून कळलं तर ती पुन्हा कधी खरं लिहीत नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे नाव-गाव काढलेले संवाद समुपदेशकाने दर आठवड्याला वाचावेत. एकही घातक उत्तर सापडलं तर बॉट लगेच बंद करायचा अधिकार त्याच्याकडेच असू द्या, कंपनीच्या परवानगीची वाट न बघता.